चाळीस पानांवर अडलेली साइट: लोड टेस्टचे एक प्रकरण

साइटवर मुद्दाम गर्दीचा भार टाकून ती किती पेलते हे पाहणे म्हणजे लोड टेस्ट. तिच्या अहवालात छापला जाणारा आकडा साइटचा आहे, असे वाचणारा धरून चालतो. खरे तर तो अख्ख्या वाटेचा असतो. भार टाकणारे मशीन, त्याचे नेटवर्क कार्ड, मधले राउटर, लाइन, आणि सगळ्यांच्या शेवटी साइट. यांपैकी जे आधी दमते त्याचा आकडा अहवालात येतो आणि नाव मात्र साइटचे लागते. त्या आकड्यावर पुढे सर्व्हरची खरेदी ठरते, उद्घाटनाची तारीख ठरते, कधी कधी एखाद्या डेव्हलपरने केलेल्या कामावर ठपकाही येतो. म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटतो.

खालचे प्रकरण प्रातिनिधिक आहे, कुठल्याही एका संस्थेची ती हकीकत नाही. पण त्यातले आकडे मनाचे नाहीत. लिनक्सची मूळची सेटिंग्ज, लाइनची क्षमता आणि साधा गुणाकार-भागाकार यांतून ते निघतात. कोणीही ते आपल्या मशीनवर ताडून पाहू शकतो.

परिस्थिती

ऑनलाइन अर्ज भरण्याची एक साइट आहे. अर्ज ठरलेल्या वेळी खुले होतात आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळे येऊन धडकतात. अपेक्षा अशी की त्या गर्दीत सेकंदाला ८०० जणांना फॉर्मचे पान मिळावे. पानाचे वजन, कॉम्प्रेस करून, ३०० केबी. हिशेब सोपा राहावा म्हणून हे सगळे एकाच विनंतीत येते असे धरले आहे. समोर दोन कोरच्या मशीनवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस. अ‍ॅप्लिकेशनला पान तयार करायला ४० मिलिसेकंद लागतात. चाचणीसाठी जेमीटर, म्हणजे बनावट यूझर होऊन विनंत्या पाठवणारा प्रोग्राम.

कॉम्प्रेशनबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फार ठिकाणी निसटते. ब्राउझर नेहमी कॉम्प्रेस केलेले पान मागतो. जेमीटर तसे आपणहून मागत नाही, तशी मागणी करणारा हेडर (विनंतीसोबत जाणारी सूचना) स्क्रिप्टमध्ये घालावा लागतो. घातला नाही तर चाचणीत येणारे पान खऱ्या पानापेक्षा कित्येक पट जड असू शकते, आणि पुढचा सगळा हिशेबच चुकीच्या वजनावर चालतो. या प्रकरणात हेडर घातलेला होता.

ऑफिसच्या लाइनवरून घेतलेली चाचणी

पहिली चाचणी टीमने ऑफिसमधल्या एका मशीनवरून घेतली. लाइन १०० एमबीपीएसची. ४०० व्हर्च्युअल यूझर लावले तर रिस्पॉन्स टाइम (मागणीपासून पान पूर्ण येईपर्यंतचा वेळ) सुमारे १० सेकंद आला. ८०० लावले तर २० सेकंद. थ्रूपुट, म्हणजे पाने मिळण्याचा दर, दोन्ही वेळा तेवढेच राहिले, सेकंदाला चाळिसाच्या किंचित आत. अहवालात लिहिले गेले की यूझर दुप्पट झाले की साइट दुप्पट मंदावते, साइटची क्षमता सेकंदाला ४० पाने आहे आणि सर्व्हर कितीतरी पट मोठा घ्यावा लागेल.

आता भागाकार करून पाहू. ३०० केबी म्हणजे २.४ मेगाबिट. इथरनेटच्या पूर्ण भरलेल्या फ्रेमला, म्हणजे डेटाच्या एका पुडक्याला, तारेवर १५३८ बाइट लागतात आणि त्यातून टीसीपीचा (डेटा पोचवणाऱ्या नियमावलीचा) खरा माल जातो जास्तीत जास्त १४६० बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर उपयोगी माल ९४-९५ मेगाबिट. त्याला २.४ ने भागले की उत्तर ४० च्या जरा खाली येते. अहवालातली ‘साइटची क्षमता’ ती हीच. साइट कुठलीही असो, त्या लाइनवरून तिचे ३०० केबीचे पान याहून जास्त वेगाने येणेच शक्य नव्हते.

रिस्पॉन्स टाइमचेही तसेच. रांगांच्या गणिताचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की एखाद्या यंत्रणेत सरासरी किती जण अडकलेले असतात, तर येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. इथे ४०० जण कायम आत आहेत, कारण एकाचे पान आले की तोच यूझर लगेच पुढचे मागतो. दर ४० वर अडकला आहे. ४०० भागिले ४०, बरोबर १० सेकंद. ८०० भागिले ४०, म्हणजे २०. सर्व्हरला हातही न लावता, कागदावर हा रिस्पॉन्स टाइम आधीच लिहिता आला असता. चाचणीचा निकाल इतक्या सरळ भागाकारातून निघत असेल, तर त्या निकालात साइटबद्दल काहीही माहिती नाही.

मग हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? सर्व्हरचा सीपीयू जेमतेम हलत होता, हे दिसत होते. पण एन्जिनएक्सच्या लॉगने टीमला चकवले. लॉगमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम’ नावाचा आकडा असतो, आणि तोही कित्येक सेकंद दाखवत होता. जेमीटर म्हणतो साइट मंद, सर्व्हरचा स्वतःचा लॉगही म्हणतो मंद, मग शंका कशाला घ्यायची? या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. विनंतीचा पहिला बाइट वाचल्यापासून उत्तराचे शेवटचे बाइट पुढे पाठवून लॉगची नोंद होईपर्यंतचा वेळ त्यात येतो. समोरच्याची लाइन तुंबलेली असेल तर तो पाठवण्याचा वेळही त्यातच मोजला जातो. अ‍ॅप्लिकेशनने किती वेळ घेतला हे पाहायचे तर ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ हा वेगळा आकडा लॉगमध्ये लिहून घ्यावा लागतो, तो मूळच्या लॉगमध्ये नसतो. तो लिहून घेतल्यावर तिथे ४० मिलिसेकंदच दिसले. माझ्या मते लोड टेस्ट सुरू करण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लॉगमध्ये येताहेत ना, हे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. साइटचा वेळ आणि वाटेचा वेळ वेगळा करणारी याहून सोपी खूण माझ्या माहितीत नाही.

ऑफिसच्या लाइनवर आणखीही अडथळे असतात. सगळा भार एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतो. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो आणि तो तक्ता भरला की नवी कनेक्शने गुपचूप टाकली जातात. साइटच्या बाजूला एका आयपीमागे विनंत्यांची मर्यादा लावलेली असेल तर चाचणी तिथेच अडते. आणि मशीन वायफायवर असेल तर मोजमाप करूच नये. हवेतली वेळ सगळ्यांत वाटली जाते, पाठवणे आणि घेणे एकाच वेळी होत नाही, शेजारच्या टेबलावरचा व्हिडिओ कॉलही तुमच्या आकड्यात मिसळतो.

डेटा सेंटरमधून: मिनिटाचे चक्र

टीमने भार टाकणारे मशीन सर्व्हरच्याच डेटा सेंटरमध्ये नेले. नेटवर्क कार्ड १० जीबीपीएसचे, सर्व्हरपर्यंत जाऊन येऊन लागणारा वेळ अर्धा मिलिसेकंद. ८०० पानांना १.९२ जीबीपीएस लागतात, त्यामुळे लाइनचा प्रश्न मिटला. या वेळी यूझरची संख्या न ठरवता येण्याचा दर ठरवला: सेकंदाला ८००, उत्तर येवो न येवो. हा बदल फार मोलाचा होता. ठरलेले यूझर फिरत राहतात तेव्हा साइट अडखळली की तेही थांबतात, त्यामुळे नेमक्या वाईट क्षणी मोजमाप विरळ होते. सॉफ्टवेअर अभियंते गिल टेने यांनी या दोषाला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असे नाव दिले आहे. अर्ज खुले होण्याची वाट पाहत बसलेली माणसे साइट मंदावली म्हणून यायची थांबत नाहीत, तेव्हा अशा साइटला दर ठरवूनच तपासायला हवे.

वीस सेकंदांची छोटी चाचणी निर्मळ गेली. एकही एरर नाही. मग दहा मिनिटांची लावली, आणि आलेखावर विचित्र नक्षी उमटली. साधारण ३५ सेकंद सगळे सुरळीत, मग २५ सेकंद एररचा पाऊस, पुन्हा ३५ सेकंद सुरळीत, पुन्हा पाऊस. दर मिनिटाला तेच.

मिनिटाचे चक्र दिसले की सगळ्यांची नजर डेटाबेसकडे वळते. दर मिनिटाला चालणारे एखादे काम, कॅशची मुदत संपणे, बॅकअप. यातले काहीही शक्य असते, म्हणून ते तपासले गेले, आणि वेळ गेला. उत्तर भार टाकणाऱ्या मशीनमध्ये होते.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टीसीपी कनेक्शनला आपल्या बाजूचा एक पोर्ट, म्हणजे क्रमांकाचे दार, लागतो. लिनक्स हे पोर्ट मूळच्या सेटिंगनुसार ३२७६८ ते ६०९९९ या टप्प्यातून देतो, म्हणजे एकूण २८,२३२. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिच्याकडे ते कनेक्शन ‘टाइम-वेट’ अवस्थेत पडून राहते, लिनक्सवर ६० सेकंद, आणि तोवर त्याच सर्व्हरच्या त्याच आयपी-पोर्टसाठी तो पोर्ट अडलेला असतो. या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फेरी म्हणजे नवा माणूस होता, त्यामुळे फेरी संपली की जेमीटर स्वतः कनेक्शन तोडत होता. सेकंदाला ८०० पोर्ट खर्ची पडत होते. २८,२३२ भागिले ८००, म्हणजे ३५ सेकंद. तेवढ्यात साठा संपतो. पहिले पोर्ट मोकळे व्हायला साठावा सेकंद उजाडावा लागतो, म्हणून मधले २५ सेकंद कोरडे. साठाव्या सेकंदापासून पोर्ट ज्या वेगाने खर्च झाले त्याच वेगाने परत मिळू लागतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते. वीस सेकंदांची चाचणी का पास झाली, तेही यातच आले.

एररचा मजकूरही हेच सांगत होता: ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. मागितलेला पत्ता देता येत नाही, असा हा निरोप सर्व्हरकडून येतच नाही. आपल्याच मशीनचा कर्नल (लिनक्सचा गाभा) तो देतो, पॅकेट तारेवर जायच्या आधी. अहवालात सगळे एरर ‘अपयशी विनंत्या’ या एकाच डब्यात जमा झाले होते आणि कोणी डबा उघडला नव्हता. एरर मोजण्याआधी तो कुठे जन्मला हे पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सर्व्हरने दिलेला ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आणि आपल्या कर्नलने दिलेला नकार यांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही. ‘एसएस’ ही आज्ञा संक्षिप्त रूपात चालवली की टाइम-वेटमधली कनेक्शने एका ओळीत दिसतात. तिथे अठ्ठावीस हजारांवर थांबलेला आकडा दिसला असता तर डेटाबेसची झडती टळली असती.

मूळ सेटिंगवर एका आयपीवरून एका सर्व्हर-पोर्टकडे टिकाऊ दर निघतो २८,२३२ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ४७० नवी कनेक्शने. यावर इलाज सोपे आहेत. पोर्टचा टप्पा १०२४ ते ६५५३५ असा रुंद केला की तोच दर १०७५ होतो. ‘टीसीपी टीडब्ल्यू रीयूज’ हे सेटिंग १ केले की बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी टाइम-वेटमधला पोर्ट लवकर पुन्हा वापरता येतो. किंवा मशीनला जास्तीचे आयपी द्यावेत, किंवा मशीनच वाढवावीत.

आणखी एक सोपा दिसणारा इलाज होता: कनेक्शन तोडूच नयेत, तीच पुन्हा वापरावीत. तो केला असता तर आलेख लगेच सरळ झाला असता आणि चाचणी निरुपयोगी झाली असती. अर्ज खुले होताना येणारा प्रत्येक माणूस नवीन असतो. त्याचे टीसीपीचे हस्तांदोलन (कनेक्शन जोडतानाची सुरुवातीची देवाणघेवाण) नवीन, मजकूर गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसचेही नवीन, आणि त्या गुप्तलेखनाच्या गणिताचा भार सर्व्हरच्या सीपीयूवर पडतो. जुनी कनेक्शने वापरली की हा भार चाचणीतून गायब होतो आणि खऱ्या दिवशी मात्र अंगावर येतो. टीमने तो मार्ग घेतला नाही, हे योग्यच झाले.

मशीनचा दम

पोर्ट मोकळे झाल्यावर पुढची अडचण सीपीयूची आली. टीएलएसचे गणित सर्व्हरप्रमाणे समोरच्यालाही करावे लागते. खऱ्या जगात ते काम हजारो फोनांत वाटले जाते, चाचणीत एकाच मशीनवर पडते. शिवाय स्क्रिप्टमध्ये पानातून टोकन शोधून काढायचे होते, तेही ३०० केबी मजकुरातून, सेकंदाला ८०० वेळा.

सीपीयू भरला की जेमीटरचे घड्याळच बिघडते. उत्तराचे पॅकेट मशीनपर्यंत वेळेत पोचलेले असते, पण ते वाचणाऱ्या थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला) कोरवर जागा मिळत नाही. तो थांबण्याचा वेळ रिस्पॉन्स टाइममध्ये मिळवला जातो. जेमीटर ज्या जावावर चालतो तिचे गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी मोकळी करणे) सुरू होऊन सगळे थ्रेड थांबले तर त्या क्षणी सगळ्याच यूझरचा रिस्पॉन्स टाइम एकदम उडी मारतो. वेगवेगळ्या पानांवर असलेले यूझर नेमके एकाच क्षणी मंदावले, तर आधी संशय चाचणीच्या मशीनवर घ्यावा.

सीपीयू पाहताना सरासरी पाहू नये. आठ कोरच्या मशीनवर एकच कोर पूर्ण भरला असेल तर सरासरी १२.५ टक्के दिसते आणि मशीन आरामात बसल्यासारखे वाटते. पायथॉनवर चालणाऱ्या लोकस्ट या चाचणीच्या साधनाचे असे होते, कारण त्याची एक प्रोसेस एकच कोर वापरू शकते. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (माल आल्याच्या सूचना) एकाच कोरवर येत असले तरी तेच. आणि भाड्याच्या स्वस्त क्लाउड मशीनला सीपीयूचे क्रेडिट असते. ते संपेपर्यंत मशीन जोरात धावते, मग मंद होते. आलेखावर ते हुबेहूब साइट थकल्यासारखे दिसते.

मेमरीचे थोडक्यात सांगतो. जेमीटरला सुरुवातीला मिळणारी हीप, म्हणजे कामाची मेमरी, १ जीबीची असते. चाचणी खिडकी उघडी ठेवून चालवू नये, कमांड लाइनवरून चालवावी, आणि प्रत्येक उत्तर जपून ठेवणारे ‘व्ह्यू रिझल्ट्स ट्री’ बंद करावे. मेमरीचा खरा त्रास पुढे येणार आहे.

टीमने तीन मशीन घेतली, भार त्यांच्यात वाटला, आणि चौथे एक छोटे मशीन वेगळ्या लाइनवर ठेवले. हे चौथे मशीन भार टाकत नाही. चाचणी चालू असताना ते सेकंदाला एक पान मागते आणि लागलेला वेळ लिहून ठेवते. या प्रकरणातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. मोठी मशीन म्हणाली की पानाला तीन सेकंद लागतात आणि हा एकटा निरीक्षक म्हणाला ६० मिलिसेकंद, तर दोष भार टाकणाऱ्यांत आहे. दोघेही तीन सेकंद म्हणाले, तर साइटकडे वळावे. खर्च जवळपास शून्य, आणि वाद जागच्या जागी मिटतो.

त्याआधी त्यांनी तिन्ही मशीन एका रिकाम्या सर्व्हरवर सोडली, ज्यावर तेवढ्याच वजनाची एक स्थिर फाइल होती, मागे अ‍ॅप्लिकेशन नाही की डेटाबेस नाही. त्यांच्यात मिळून सेकंदाला ८०० ची कुवत आहे का, आणि ती थोडी राखून आहे का, हे तिथे कळले. मगच साइटवर भार टाकला. साइटने सेकंदाला ८०० पाने दिली. एकही एरर नाही, रिस्पॉन्स टाइम ५० मिलिसेकंदांच्या आसपास.

जवळून मारलेल्या हाकेला उत्तर लगेच मिळते

बहुतेक ठिकाणी चाचणी इथे संपते. नवा अहवाल लिहिला जातो: साइट तयार आहे. पहिल्या अहवालाने साइटला दुबळी ठरवले होते, हा तिला भक्कम ठरवतो. मला हा दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा धोक्याचा वाटतो, कारण पहिल्याने पैसे वाया गेले असते, याच्या भरवशावर ऐन दिवशी साइट पडली असती.

पुन्हा लिटल यांचा नियम लावू. डेटा सेंटरमध्ये एका पानाचा सगळा व्यवहार साधारण ४० ते ५० मिलिसेकंदांत उरकतो. सेकंदाला ८०० गुणिले ४० मिलिसेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी साइटवर चालू असलेली कनेक्शने अवघी ३२. चाळीस पन्नास धरा.

आता खरा माणूस पाहू. फोनवर आहे, गर्दीच्या वेळचे मोबाइल नेटवर्क, हाती पडणारा वेग १ एमबीपीएस, जाऊन येऊन २०० मिलिसेकंद. टीसीपीचे हस्तांदोलन एक फेरी, टीएलएस १.३ ची आणखी एक, म्हणजे विनंती निघायच्या आधीच ४०० मिलिसेकंद गेले. टीएलएस १.२ असते तर ६००. पुढे २.४ मेगाबिटांचे पान १ एमबीपीएसने उतरायला २.४ सेकंद. टीसीपी सुरुवातीला दहाच पॅकेट सोडतो आणि पोच मिळेल तसतसा वेग वाढवतो, त्यामुळे पहिल्या फेऱ्यांत तेवढाही वेग मिळत नाही. हरवणारी पॅकेट तर अजून धरलेलीच नाहीत.

दर तोच, सेकंदाला ८००. पण आता प्रत्येक पान २.४ सेकंद अडकते. ८०० गुणिले २.४, म्हणजे १९२० जण एकाच वेळी आत. विनंत्यांचा दर एकानेही वाढलेला नाही आणि साइटवरची चालू कनेक्शने साठ पट झाली.

एन्जिनएक्समध्ये एका वर्करने (काम करणाऱ्या प्रोसेसने) किती कनेक्शने सांभाळावीत याचे मूळचे मूल्य ५१२ आहे. या मशीनला दोन कोर, म्हणून दोन वर्कर, म्हणजे एकूण १०२४. पानाचा काही भाग कर्नलच्या बफरमध्ये पडून एन्जिनएक्स थोडा आधी मोकळा होतो, हे खरे. त्याची सूट देऊन एक तृतीयांश वजा केले तरी १२८० उरतात. मर्यादा ओलांडली. एन्जिनएक्स अशा वेळी रिकामी बसलेली जुनी कनेक्शने बंद करून जागा करतो, पण ही रिकामी नाहीत, पान उतरवत आहेत. लॉगमध्ये ‘वर्कर कनेक्शन्स आर नॉट इनफ’ अशा ओळी येतात आणि नव्या माणसाला दार बंद मिळते. या वेळी सर्व्हरचा सीपीयू निवांतच असतो.

टीमने हे चाचणीत आणले. लिनक्सच्या ‘टीसी’ आज्ञेतल्या ‘नेटएम’ने भार टाकणाऱ्या मशीनवर २०० मिलिसेकंदांचा उशीर लावला आणि जेमीटरमध्ये प्रत्येक कनेक्शनचा वेग बांधून घातला, कारण त्याला तशी सोय आहे. पहिल्या प्रयत्नात पॅकेट भलतीच गळू लागली. कारण पुन्हा आपल्याच बाजूला सापडले: नेटएमची रांग मूळ सेटिंगवर १००० पॅकेटांची असते. २०० मिलिसेकंद थांबवून ठेवायची पोचपॅकेट या वेगाला हजारोंनी असतात, आणि रांगेबाहेरची सरळ फेकली जातात. रांग मोठी केल्यावर गळती थांबली.

मेमरीचा राहिलेला प्रश्नही इथेच उभा राहिला. १९२० जण एकाच वेळी ३०० केबी उतरवत आहेत, म्हणजे फक्त अर्धवट आलेल्या पानांना ५७६ एमबी. एकाच मशीनच्या १ जीबी हीपमध्ये हे कोंबले असते तर गार्बेज कलेक्शन सतत धावत राहिले असते आणि साइट दर काही सेकंदांनी अडखळते असे दिसले असते. तीन मशीनवर वाटले तेव्हा प्रत्येकी दोनशे एमबीच्या आत बसले. हीपही वाढवलीच. वेगाच्या चाचणीला पुरणारे मशीन संथ यूझरच्या चाचणीला पुरेलच असे नाही, आणि या दोन्हींसाठी मशीनचा हिशेब वेगळा करावा लागतो.

यानंतर मात्र साइटची खरी मर्यादा हाती आली. दोन हजारांच्या जवळ पोचायच्या आत एन्जिनएक्स नवी कनेक्शने नाकारू लागला. निरीक्षक मशीनलाही नकार मिळाला, म्हणजे दोष या वेळी नक्की साइटमध्ये होता. उपाय एका ओळीचा: वर्करमागची मर्यादा ५१२ वरून ४०९६. तो करून एन्जिनएक्स सुरू केला तर त्याने इशारा दिला की उघड्या फाइलींची मर्यादा १०२४ आहे, ४०९६ कनेक्शने त्यात मावत नाहीत. लिनक्समध्ये प्रत्येक कनेक्शन ही एक उघडी फाइलच असते. तीही मर्यादा वाढवली, आणि संथ यूझरसह सेकंदाला ८०० पाने निघू लागली. सर्व्हर तोच राहिला.

अहवालात काय गेले

शेवटच्या अहवालात एकच मोठा आकडा नव्हता. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून मोजला हे होते: मशीन किती आणि किती कोरची, लाइन किती, जाऊन येऊन लागणारा वेळ किती, दर यूझरमागे वेग किती, कनेक्शन दरवेळी नवे की जुने. भार टाकणाऱ्या मशीनचा कोरनिहाय सीपीयू, टाइम-वेटमधली कनेक्शने आणि पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांची संख्या, हे साइटच्या आलेखांच्या शेजारीच छापले. ऑफिसमधून घेतलेली पहिली चाचणीही काढून टाकली नाही. तिच्यापुढे लिहिले: १०० एमबीपीएस लाइनची मर्यादा, साइटबद्दल निष्कर्ष नाही.

अर्ज सादर करण्याची चाचणी त्यांनी वेगळी ठेवली. तिथे वर जाणारा माल थोडा, खाली येणारे उत्तर आणखी थोडे, त्यामुळे लाइन आणि मेमरी यांचा प्रश्न जवळपास उरत नाही. भार पडतो तो डेटाबेसच्या लिहिण्यावर. पण फॉर्म भरायला प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून सादर करण्याची लाट पान मागण्याच्या लाटेपेक्षा उशिरा आणि पसरून येते. ती लाट किती उंच धरायची, हे ठरवण्यासाठी टीमने आधीच्या वर्षीच्या सर्व्हर लॉगमधल्या वेळा काढायला घेतल्या.